कायदा बदलला, जबाबदारी कायम

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. मालकवर्गाने या सुलभीकरणाचे स्वागत केले. कामगार चळवळीने मात्र तिचे प्रत्येक कलम तपासून घेणे अगत्याचे आहे.

विजेवर चालणारा उद्योग पूर्वी १० कामगारांवर ‘कारखाना’ ठरत असे. आता त्यासाठी २० कामगार लागतात. १२ जणांच्या वर्कशॉपात प्रेसखाली बोटे सापडण्याचा धोका तेवढाच राहिला, कारखान्यांसाठीच्या खास तरतुदी मात्र दूर गेल्या.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. हजारोंच्या मृत्यूनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्यांत कामगार-प्रतिनिधींसह सुरक्षा समिती सक्तीची केली. नव्या संहितेत अशी समिती सरकारी आदेशावर अवलंबून आहे. रक्त सांडून मिळालेला हक्क असा मर्जीवर सोपविला गेला.

तरीही संहितेने मालकावर काही बंधने घातली आहेत: प्रत्येकास नेमणूकपत्र, विहित कामगारांची विनामूल्य वार्षिक वैद्यकीय तपासणी, अपघाताची सूचना. ती कागदावर राहू नयेत, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे. प्रत्येक युनियनने आपल्या आस्थापनेत सुरक्षा समितीची लेखी मागणी करावी आणि सरकारकडे तसा आदेश मागावा. निरीक्षक अपघातानंतर येतो. कामगार यंत्रापाशी रोजच उभा असतो.