किल्ला जागतिक वारशात गेला. विजयदुर्ग गावाच्या पदरात काय?

विजयदुर्ग : जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. देवगड तालुक्यातला विजयदुर्ग त्यात आहे. नाव मोठं झालं, पण गावाचं उत्पन्न वाढायचं तर पाहुणा रात्री थांबला पाहिजे. सध्या मुंबई-गोवा महामार्गावरच्या तरळ्यावरून सुमारे 50 किलोमीटर आत येणारा माणूस दोन तासांत किल्ला फिरतो, फोटो काढतो आणि कुणकेश्वर नाहीतर मालवण गाठतो.

खरं तर एका दिवसात उरकावं असं हे ठिकाण नाही. वाघोटण खाडीच्या तोंडाशी गलबतांना आडोसा मिळतो, म्हणून इथे बंदर झालं. आंग्र्यांचं आरमार इथेच वाढलं. किल्ल्यापासून थोडं आत खाडीत आंग्र्यांची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की बुडाची डागडुजी करायची, असं तिचं काम. आज ती गाळाने भरत आलीय. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज आणि पेशवे तुळाजी आंग्रे यांच्यावर चालून आले, तेव्हा हेच आरमार बंदरात जळालं. मराठ्यांचं आरमार पेशव्यांच्या मदतीने आलेल्या इंग्रजांनी संपवलं. गोष्ट कडू आहे, पण पाहुण्याला तीही सांगायला हवी.

एक दुरुस्तीही हवी. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं सर्रास सांगतात. नॉर्मन लॉकियर साहेब इथे आले ते जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला. हेलियमची खूण त्याआधी 30 वर्षं, 1868 मध्येच सापडली होती. ‘साहेबाचे ओटे’ तेवढ्याने कमी मोलाचे होत नाहीत.

गोदी, गिर्येचं रामेश्वर मंदिर, तिकडे उतरणारी कातळ फोडून केलेली वाट, खाडीतली होडी आणि एप्रिल-मेमध्ये हापूसच्या बागा, एवढं जोडलं तर मुक्काम सहज होतो. मुक्काम झाला की चहा, जेवण, रिक्षा, आंब्याची पेटी, सगळं गावात खपतं.

अडचण आहे ती जागेची. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. कायद्याने संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. गाव तर किल्ल्याला खेटूनच आहे. म्हणजे तटाजवळ नवं लॉज उभं राहणार नाही, आणि बाहेरच्याने येऊन टोलेजंग हॉटेल बांधायचीही सोय नाही. हे गावाच्या फायद्याचंच म्हणावं लागेल. जुन्या घराची दुरुस्ती करता येते, मात्र आधी लेखी परवानगी घेऊन. त्यामुळे आहे त्या घरातल्या एक-दोन खोल्या नीट करून पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदवणं हाच जवळचा रस्ता. त्या परवानगीचे अर्ज कुठे आणि कसे करायचे, हे सांगायला ग्रामपंचायतीत एखादं शिबिर आंब्याच्या हंगामाआधी झालं, तरच यंदा उपयोग.