सराफाचा ओटा

वाशिमच्या आमच्या घराला एक ओटा आहे. संध्याकाळी चार माणसांनी बसावे म्हणून वडिलांनी तो हौसेने बांधला. हल्ली माणसे बसत नाहीत. मुंगवडे आणि आलूबोंडे तळणारी एक हातगाडी मात्र गेली बारा वर्षे त्याला लागून उभी असते. तेलाचे डाग, खरकटे कागद आणि गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली! गेल्या दिवाळीत पाडव्याला आलेले व्याही ओट्यावर घसरले आणि त्यांच्याबरोबर माझा संयमही घसरला. दुसऱ्याच दिवशी मी गाडीवाल्याला बजावले, "संक्रांतीपर्यंत दुसरी जागा पाहा."

"पाह्यतो काकाजी," एवढेच तो म्हणाला. भांडला असता तर मला बरे वाटले असते.

पुढे मार्गशीर्षात मेहुण्यांकडे इंदूरला जाणे झाले. पूर्वी मीटरगेजची गाडी वाशिमकराला अकोला, खांडवा करीत थेट इंदूरला नेई. या वेळी अकोल्याला गाडी बदलली आणि खांडव्याहून बस धरली. मेहुण्यांचे घराणे होळकरशाहीत तिकडे गेलेले. पोचल्याबरोबर त्यांनी फर्मान काढले, "भाऊजी, आज घरी पान मांडायचं नाही. रात्री सराफ्यात जायचं!"

होळकरांचा राजवाडा सात मजली. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत तो होरपळला, पुन्हा उभा राहिला. त्याच्या मागेच सराफा. आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजत होते. सराफ तिजोऱ्या बंद करीत होते, लोखंडी दारे खाली येत होती. कुलपाचा आवाज विरतो न विरतो तोच त्याच पायरीवर फळ्या आल्या, शेगडी आली, कढई आली. तासाभरापूर्वी जेथे तोळे आणि गुंजा चालल्या होत्या तेथे तुपाचा वास सुटला.

त्या दिवशी एकादशी. आमच्या सौ.चा कडक उपवास! तो तिने वाफेवरच्या साबुदाण्याच्या खिचडीने सुरू केला आणि आत खोबरे भरलेल्या बटाट्याच्या पॅटिसवर थोडा वेळ थांबवला. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते खोटे नाही. मला उपवासाची अडचण नव्हती. मक्याचे कोवळे दाणे किसून दुधात शिजवलेला 'भुट्टे का कीस', कोनफळाच्या जातीचा गराडू तळून वर जिरावण मसाला, दहीवडा, आणि ताटलीत मावेना असा एकच जलेबा. तिथली शिकंजीही लिंबाची नव्हे, दाट दुधाची. खाऊन झाल्यावर पाणी पिण्यापुरतीही जागा उरली नाही.

एका बंद दुकानाच्या कडेला त्याचे मालक उभे होते. मेहुण्यांच्या ओळखीचे. माझ्या मनात वाशिमचा ओटा सलत होताच. मी विचारले, "अहो, दिवसा सोने विकता आणि रात्री दारात चूल पेटवू देता?"

ते हसले. "जुनी माणसं सांगत, गल्ली रात्रभर जागी राहिली की चोराला वाव नाही. आम्ही जागा दिली, राखण मिळाली."

"त्रास होत नाही?"

"होतो तर! गर्दी वाढली, गॅसच्या टाक्या वाढल्या, नूडल्स आणि मोमो आले. आम्हीच ओरड केली." (ही ओरड २०२५ सालची.) "पण जुन्या माणसांनी जावं असं कोण म्हणतं? त्याच्या आजोबाला माझ्या आजोबांनी ओटा दिला. मी फक्त एवढं म्हणतो, की टाकीची जोखीम नको आणि सकाळी माझी पायरी मला स्वच्छ मिळावी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम एकटाच गेलो. पायरी स्वच्छ होती. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेले गाव ते. रात्री उशिरा झाडू फिरतो आणि उजाडता सोने पुन्हा मांडले जाते. त्या पायरीकडे पाहत मी बराच वेळ उभा राहिलो. माझ्या ओट्यावरून मी चिडलो होतो, घसरलो होतो, नोटीसही दिली होती. पण मला काय हवे आहे, हे त्या माणसाला कधी सांगितले होते?

वाशिमला परतलो तेव्हा गाडीवाला कढई घासत होता. म्हणाला, "बसस्टँडच्या मांगं जागा पाह्यली काकाजी. महाग हाये, पण जातो."

मी म्हटले, "थांब. टाकी दारापासून लांब ठेवायची. कागदांना पिंप ठेवायचे. रात्री जाताना ओटा सोड्याच्या पाण्याने धुवायचा. जमेल?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "हे तं तुमी बारा वर्सापह्यलेच सांगाचं होतं!"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

गाडी अजून तेथेच आहे. मोटारसायकलींचा प्रश्न सुटलेला नाही; त्यावर आमचे आठवड्यातून एकदा वाजते. पण ओटा रोज धुतला जातो, आणि संध्याकाळी मीही कधी कधी त्यावर जाऊन बसतो. यंदा पाडव्याला व्याही पुन्हा यायचे आहेत. गेल्या वर्षीचा अनुभव ते विसरले नसणार. त्यांना आतल्या खोलीत न नेता मी ओट्यावरच बसवणार आहे. मुंगवडे गरम मिळतील.