कंबरेचे माप आणि दुकानाचा दस्तूर

भोपाळच्या चौकात अथवा न्यू मार्केटात लग्नसराईचे दिवस ज्याने काउंटरमागे उभे राहून काढले असतील, त्या व्यावसायिकास हे मुद्दाम सांगण्याचे प्रयोजन नाही की, नाडीच्या सुती परकराची पिढ्यान् पिढ्यांची मिरास होजिअरीच्या, ताणल्या जाणाऱ्या साडी-शेपवेअरने बऱ्याच अंशी खालसा केली आहे, आणि हे वस्त्र मागावयास येणाऱ्यांत अंगाने भरलेल्या प्रौढ स्त्रियाही, किंचित संकोचाने का होईना, मोठ्या संख्येने असतात. त्यांना काय द्यावे याविषयी आपल्या पेशात एक दस्तूर पडून गेला आहे : बाईंच्या अंगावरून नजर फिरवावी, मनाशी एक आकडा धरावा, आणि ‘घट्ट बसला तरच आकार येतो’ असे बजावून त्याहून एक आकडा लहान माल पुढे करावा. हा दस्तूर मुळातच चुकीचा आहे आणि त्याची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या हौसेवर न टाकता शिवणाऱ्यांनी व विकणाऱ्यांनी आपल्या शिरावर घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कंबरेवरील दीर्घकालीन दाबाची किंमत त्वचेला कशी मोजावी लागते, याचा एक जुना व भरभक्कम दाखला मराठी संशोधकाच्याच लेखणीतून उतरलेला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, आपल्याकडील चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगाच्या प्रकारांची नोंद करताना, धोतर जेथे कंबरेस आवळले जाते तेथील त्वचेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचाही अंतर्भाव केला होता. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, २०२४ मध्ये, वर्धा व बिहारमधील मधुबनी येथील वैद्यांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत मांडली : एकीच्या कुशीवर परकराच्या नाडीखाली दीड वर्ष न भरणारा व्रण होता, दुसरी परकराविना लुगडे घट्ट नेसत आलेली होती, आणि दोघींच्याही व्रणाचे पर्यवसान कर्करोगात झाले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाल्यावर नागपूरच्या सचिवालयामागोमाग जी मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली, त्यांतील आज्यांच्या कंबरेवरचा गाठीचा काळा वळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या हकिकतीचा पूर्वार्ध तरी अपरिचित वाटू नये. अर्थात अशी प्रकरणे अत्यंत विरळ असून ती नाडीची व काष्ट्याची आहेत, शेपवेअरची नव्हेत. तेव्हा त्यांचा धाक घालून परकराऐवजी शेपवेअर खपविणे हा निव्वळ अप्रामाणिकपणा ठरेल.

आपणास त्यातून घ्यावयाचा तो बोध निराळा आहे. नाडीचा दोष असा की सगळा भार ती एका बारीक रेषेवर आणते. रुंद पट्ट्याचा गुण असा की तोच भार तो चार-पाच बोटांच्या पट्टीवर वाटून देतो. परंतु स्थूल स्त्री खाली बसली, पोट पुढे आले आणि पट्टा वरून गुंडाळला गेला, की त्या गुंडाळीची दोरीच होते. म्हणजे पैसे घेतले शेपवेअरचे आणि दिली ती नाडीच. ‘पट्टा वळतो’ ही आपल्या दुकानात सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार असून, तिच्यावर विक्रेता बहुधा आणखी घट्ट माप हाच उतारा सुचवितो. वास्तविक तेथे घेर अपुरा नसला तरी उंची अपुरी असते. मध्यम अंगलटीचा नमुना चहूकडून सारख्या प्रमाणात वाढवून मोठा आकडा तयार केला, की पायाची लांबी निष्कारण वाढते, पण पोटाचा पुढील उठाव झाकण्यासाठी कंबरेपासून मांडीच्या सांध्यापर्यंत समोरच्या बाजूस जी जादा उंची हवी ती मिळत नाही, आणि खाली ओढला गेलेला पट्टा नेमका पोटाच्या घडीत जाऊन बसतो. शिवणाऱ्याने मोठ्या मापांसाठी समोरची व मागची उंची स्वतंत्रपणे धरणे, मांडीचा घेर कंबरेवरून अंदाजाने न काढता टेपने घेणे, आणि पट्ट्याची कड घडीच्या वर किंवा स्पष्टपणे खाली येईल अशी तजवीज करणे, एवढे केले तरी अर्धी कैफियत मिटते.

मापही उभ्याने घेऊन भागत नाही. खुर्चीवर बसवून, श्वास सोडण्याचा आग्रह न धरता, कंबर, पोट व नितंब यांचे घेर पुन्हा मोजावेत. भरल्या अंगाच्या स्त्रीत उभ्या व बसल्या मापांत जो फरक पडतो, तो वस्त्राच्या ताणात सहज सामावला जाईल असाच आकडा द्यावा. घातल्यावर बाईंनी बसून, वाकून, दोन जिने चढून पाहावे. दीर्घ श्वास अडता कामा नये, पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, आणि मांडीच्या बाहेरच्या अंगास मुंग्या किंवा जळजळ जाणवल्यास ते वस्त्र तत्काळ उतरवावे, कारण तेथून जाणारी संवेदनेची नस कमरपट्ट्यांच्या दाबाने चेपली जाते, ही गोष्ट वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांच्या पोटावरचा दाब तो वाढवितो, हेही मोकळेपणाने सांगावे. आणि शेपवेअरने चरबी उतरते असे जे कोणी सांगत असतील, त्यांचा माल ठेवूच नये.

आकड्यांच्या गोंधळाबाबत आम्ही थोडक्यात आटोपतो. एका कंपनीचा ‘थ्री एक्सएल’ दुसरीच्या ‘टू एक्सएल’हून लहान निघतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. निफ्टने (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने) भारतीय देहाची मापे निश्चित करण्यासाठी जी राष्ट्रव्यापी पाहणी हाती घेतली, तिच्यासाठी सहा शहरांतून २५ हजार व्यक्तींची मापे घेण्याचे योजिले होते. त्या सहांत भोपाळ नाही, जरी निफ्टचे एक केंद्र २००८ पासून याच शहरात आहे. त्या पाहणीतून ठरलेली मापे प्रचारात येईपर्यंत आकडा न विचारता इंच विचारावेत.

कापडाकडे मात्र लक्ष पुरविलेच पाहिजे. १९५८ साली ड्यूपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्सचा धागा सिद्ध केला आणि रबराच्या जड पट्ट्यांपासून या वस्त्रप्रकाराची सुटका झाली. पण नायलॉन व स्पँडेक्सची दाट वीण आणि भोपाळचा मे महिना, ज्यात पारा ४० अंशांच्या पलीकडे सहज जातो, यांचे सख्य नाही, आणि जुलैच्या दमट हवेत तर पोटाच्या घडीत व जांघेत घाम साचून नायट्याला आमंत्रणच मिळते. सबब, आतल्या बाजूस सुती अस्तराचा तुकडा असलेला, चपट्या शिवणीचा, मध्यम ताणाचाच माल स्थूल गिऱ्हाइकास दाखवावा; अधिक कडक माल चार तासांच्या समारंभापुरता, रोजच्या कचेरीसाठी नव्हे. उन्हात वाळविल्याने व इस्त्रीने धाग्याची लवचिकता जाते; गच्चीवर कडक उन्हात कपडे टाकण्याची आपली सवय पाहता, ही सूचना इंग्रजी चिठ्ठीवर न सोडता तोंडाने सांगावी.

एक बाब उरते, आणि ती नाजूक आहे. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, या शहरावर चार बेगमांची सत्ता होती. त्यांच्या राजवटीतला परी बाजार हा स्त्रियांचा म्हणून ओळखला जात असे, आणि शाहजहाँ बेगम यांनी तर स्त्रियांच्या गृहजीवनावर ग्रंथ लिहिला. त्याच शहरात आज बाईने आपल्या पोटाचे माप काउंटरपलीकडच्या पुरुषास, चार अनोळखी माणसांच्या देखत, सांगावे अशी आपली अपेक्षा असते. मग ती खरे माप सांगत नाही, यात नवल ते कोणते? टेप हाती घेणारी स्त्री कर्मचारी व बंद पडद्याची जागा यांवाचून हा माल विकूच नये. अंतर्वस्त्र परत घेत नाही हा नियम आरोग्याच्या दृष्टीने रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक मापाचा एक नमुना केवळ घालून पाहण्यासाठी राखून ठेवावा, तो गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पातळ सुती कपड्यावरून चढवू द्यावा, आणि प्रत्येक वापरानंतर धुवून टाकावा.  अशा नमुन्यांचा पहिला संच निवडताना सर्वांत मोठ्या मापापासून सुरुवात करावी, कारण घालून पाहण्याची गरज तेथेच अधिक असते.