पाप राजाचं, मरण रयतेचं

देवाची आज्ञा मोडली की शिक्षा ठरलेली, हे आम्हां ख्रिस्ती घरांतल्या पोरांना बाळकडूसारखं पाजलेलं असतं. एदेन बागेतलं फळ, मिठाचा खांब झालेली लोटाची बायको, समुद्रात फेकलेला योना. तात्पर्य एकच: ऐका, नाहीतर भोगा. हे तात्पर्य सांगणाऱ्या उपदेशकांनी पवित्र शास्त्र कधी सलग वाचलंय का, याची मला दाट शंका आहे.

२ शमुवेलचा २४वा अध्याय घ्या. दावीद राजाला खानेसुमारीची हुक्की येते. सेनापती यवाब काही साधुसंत नव्हे, त्याचे हात रक्ताने माखलेले. पण त्यालाही हे रुचत नाही, तो राजाला हटकतो. राजा ऐकत नाही. ९ महिने २० दिवस मोजणी चालते आणि आकडा येतो: तलवार चालवणारे इस्राएलात ८ लाख, यहूदात ५ लाख. मग गाद संदेष्टा तीन शिक्षा घेऊन दारात उभा राहतो. ७ वर्षं दुष्काळ, ३ महिने शत्रूपुढे पळापळ किंवा ३ दिवस मरी. काय हवं ते निवड.

यातली पळापळ तेवढी राजाच्या स्वतःच्या पाठीवर बसणारी होती. दावीद म्हणाला, माणसाच्या हाती सापडण्यापेक्षा परमेश्वराच्या हाती पडलेलं बरं, तो दयाळू आहे. ऐकायला किती भक्तिभावाचं! परिणाम काय? दानपासून बैर-शेबापर्यंत ७० हजार माणसं मेली आणि राजाच्या अंगाला साधा तापही आला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! बथशेबेच्या वेळीही हेच. तिच्या नवऱ्याला, उरीयाला मारवणारा दावीद जगला. सातव्या दिवशी मेलं ते तिला दावीदापासून झालेलं तान्हं बाळ.

आणि या अध्यायाचं पहिलंच वाक्य व्यासपीठावरून कुणी वाचून दाखवलंय? दावीदाला मोजणीची बुद्धी परमेश्वरानेच दिली, असं तिथे आहे. १ इतिहासाच्या २१व्या अध्यायात हीच गोष्ट येते, तेव्हा चिथावणारा सैतान झालेला असतो. म्हणजे खुद्द शास्त्र लिहिणाऱ्यांनाच हा हिशेब पचला नव्हता. आमच्या उपदेशकांना मात्र तो ढेकरही न देता पचतो.

माझी खरी चीड पुढची आहे. कुणाच्या पोराला आकडी येते, कुणाची नोकरी जाते, की हे प्रार्थनेला घरी येतात आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतात, घरात काही आज्ञाभंग झालाय का? त्या आईने रात्रभर आपली पापं आठवत बसायचं. हाच प्रश्न मंडळीच्या पैशांवर गाडी उडवणाऱ्या पुढाऱ्याला विचारताना मी यांना पाहिलेलं नाही. तिथे दावीदाचं उदाहरण चटकन आठवतं, पण क्षमेचं.

येशूला हाच प्रश्न जन्मांध माणसाबद्दल विचारला होता: पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? कुणाचंच नाही, असं त्याने साफ सांगितलं. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हाही ती बाकी यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती हे त्याने मान्य केलं नाही. ज्याच्या नावाने हे उपदेश करतात, त्याचंच हे म्हणणं. वाचायला फी पडत नाही.

दावीदाला निदान उशिरा का होईना लाज वाटली. यबूसी अरवनाच्या खळ्याजवळ मारणारा देवदूत दिसल्यावर तो म्हणाला की गुन्हा माझा, या मेंढरांनी काय केलं, मारायचं तर मला आणि माझ्या घराण्याला मार. तेच खळं आणि बैल ५० शेकेल रुप्याला विकत घेऊन त्याने वेदी बांधली, तेव्हा मरी थांबली. शलमोनाचं मंदिर पुढे तिथेच उभं राहिलं.

तेव्हा यापुढे कुणी तुमच्या घरी येऊन आजारपणाचं खापर तुमच्या माथी फोडू लागला, तर त्याच्या हातात बायबल द्या आणि २ शमुवेल २४मधलं १७वं वचन मोठ्याने वाचायला सांगा. वाचून होईपर्यंत दुसरा चहा देऊ नका.