‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अर्धाच! पाणी जास्त झाले तर शरीरात काय होते?

भडगाव : गिरणाकाठच्या या तालुक्यात एप्रिल उजाडला की सकाळी दहा-अकरालाच रस्ते ओस पडू लागतात. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा 44-45 अंशांना टेकला तरी आता कोणाला नवल वाटत नाही. या दिवसांत गावातल्या फलकांपासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत एकच सल्ला फिरतो : भरपूर पाणी प्या. हा सल्ला चुकीचा नाही. एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी 14 जणांचा जीव गेला. ऊन आणि पाण्याची कमतरता काय करते, हे तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. पण सल्ला अर्धवट आहे. किती प्यायचे, कोणी प्यायचे आणि पाण्यासोबत आणखी काय हवे, हे त्यात कुठेच नसते. काही जणांसाठी हा उरलेला अर्धा भाग जिवावर बेतू शकतो.

पाणी ‘जास्त’ कसे होते?

रक्तात सोडियम म्हणजे मिठाचा अंश ठरावीक प्रमाणात असावा लागतो. निरोगी माणसात ते प्रमाण लिटरमागे 135 ते 145 मिलीमोल असते. थोड्या वेळात खूप पाणी पोटात गेले आणि ते लघवीवाटे तेवढ्या वेगाने बाहेर पडले नाही, तर रक्त पातळ होते आणि सोडियम घसरते. या अवस्थेला वैद्यकीय भाषेत ‘हायपोनेट्रेमिया’ म्हणतात. सोडियम घसरले की पाणी पेशींमध्ये शिरते आणि पेशी फुगतात. हातापायाच्या पेशी थोड्या फुगल्या तर निभावते. मेंदू मात्र कवटीच्या बंद पेटीत असतो, त्याला फुगायला जागाच नाही. म्हणून आधी डोके दुखते, मळमळते, मग माणूस भांबावल्यासारखा बोलतो. पुढे झटके येतात, शुद्ध हरपते. वेळीच उपचार झाले नाहीत तर मृत्यूही ओढवतो.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे तासाला साधारण 800 मिलिलिटर ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. दिवसभरात विभागून प्यायलेले चार लिटर पाणी त्यामुळे सहज पचते. तेच चार लिटर तासा-दीड तासात घशाखाली उतरवले तर शरीराचा हिशेब चुकतो. जानेवारी 2007 मध्ये अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहरात एका रेडिओ केंद्राने लघवीला न जाता जास्तीत जास्त पाणी पिण्याची स्पर्धा घेतली. त्यात भाग घेतलेली तीन मुलांची आई काही तासांतच दगावली. ती धडधाकट होती, आणि पाणीही स्वच्छच होते.

घामाच्या दिवसांत धोका का वाढतो?

खान्देशात पैजेवर पाणी पिणारे कोणी नसेल, पण उन्हात राबणारे हजारो आहेत. केळीचे घड वाहणारे, वीटभट्टीवरचे, रस्त्याच्या कामावरचे मजूर आणि पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी पोरे, या सगळ्यांच्या अंगातून घामावाटे पाणी जाते तसे मीठही जाते. भरपाई मात्र बहुतेक वेळा नुसत्या पाण्याने होते.

दुसरे कारण शरीराच्या आत आहे. कष्ट, वेदना किंवा मळमळ असली की मेंदू एक संप्रेरक सोडतो. ते मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगते. एरवी तासाला लिटरभर पाणी बाहेर टाकणारी यंत्रणा नेमकी अशा वेळी मंदावते. वरून पाणी येत राहते, खालची मोरी तुंबलेली असते आणि मीठ घामातून निघून गेलेले असते.

बोस्टन मॅरेथॉनच्या 2002 च्या शर्यतीत 488 धावपटूंचे रक्त तपासले गेले. त्यातील 13 टक्के जणांचे सोडियम मर्यादेपेक्षा खाली होते. शर्यतीदरम्यान खूप पाणी पिऊन ज्यांचे वजन उलट वाढले होते, त्यांना धोका सर्वाधिक होता. अमेरिकी लष्करानेही हाच धडा घेतला. उन्हात कवायत करणाऱ्या जवानांना जास्तीत जास्त पाणी पाजण्याच्या धोरणामुळे सोडियम घसरल्याचे रुग्ण आढळू लागले. तेव्हा 1998 मध्ये नियम बदलण्यात आले : तासाला साधारण 1.4 लिटर आणि दिवसाला 11 लिटरच्या आसपास, यापेक्षा जास्त पाणी नको. उन्हात राबणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेतील सरकारी संस्थेची शिफारसही अशीच आहे. दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी, तासाला दीड लिटरच्या आत, आणि काही तास सलग घाम येत असेल तर क्षारयुक्त पेय.

लक्षणे उन्हाचीच, आजार उलटा

डोकेदुखी, मळमळ, उलटी, गळाठा, भोवळ ही लक्षणे पाणी कमी पडल्यावर दिसतात आणि जास्त झाल्यावरही. त्यामुळे उन्हातून आलेला माणूस कोसळला की घरचे आणखी पाणी पाजतात. पाणी कमी पडले असेल तर तो उपाय ठरतो, सोडियम घसरले असेल तर भर.

दवाखान्यात ‘एक सलाईन लावून टाका’ असा आग्रह धरणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. 5 टक्के ग्लुकोजच्या बाटलीतील साखर शरीराने वापरली की मागे उरते ते पाणीच. सोडियम आधीच घसरलेल्या रुग्णाला ती बाटली घातक ठरू शकते. घसरलेले सोडियम खूप वेगाने वर नेले तरी मेंदूला इजा होते. म्हणून कोणती बाटली, किती आणि किती वेगाने, हे रक्तातील क्षार तपासून डॉक्टरांनीच ठरवायचे असते. नातेवाइकांनी एवढेच करावे : रुग्णाने काय काम केले, किती वेळात किती पाणी प्यायले, लघवी कधी झाली आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, ही माहिती न विसरता द्यावी. अंग तापलेले असेल तर त्याला सावलीत नेऊन, अंगावर पाणी मारून, वारा घालत लगेच दवाखाना गाठावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही पाजू नये.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाणी नको

सर्वांत मोठी गफलत तान्ह्या बाळांबाबत होते. उन्हाळा आला, बाळाचे ओठ सुकलेले दिसले, की ‘लेकराला पाणी पाजा’ असा आग्रह घरातूनच होतो. माया खरी असते, पण सल्ला चुकीचा असतो. आईच्या दुधात 87 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. पहिले सहा महिने, कडक उन्हाळ्यातही, निव्वळ स्तनपान पुरेसे आहे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. बाळाची मूत्रपिंडे कच्ची असतात, जादा पाणी ती झटपट बाहेर टाकू शकत नाहीत. बाटलीने पाणी पाजले किंवा पावडरचे दूध पुरवून वापरण्यासाठी पातळ केले, तर बाळाचे सोडियम घसरून झटके येऊ शकतात. शिवाय पाण्याने पोट भरले की बाळ दूध कमी पिते, आणि दूषित पाण्यातून जुलाबाचा धोका असतो तो वेगळाच. बाळ दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल तर त्याला दूध पुरते आहे असे समजावे. पाणी वाढवायचे असेल तर ते आईचे वाढवावे.

‘रोज आठ ग्लास’ आले कुठून?

अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने 1945 मध्ये प्रौढांना दिवसाला अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते. त्यातला बराचसा भाग अन्नातूनच मिळतो, असे त्यापुढचे वाक्य होते. पहिले वाक्य जगभर गेले, दुसरे मागे राहिले. मूत्रपिंडाचे अभ्यासक हाइन्झ वाल्टिन यांनी 2002 मध्ये या ‘आठ ग्लास’ नियमाचा मागोवा घेतला, तेव्हा निरोगी माणसाने तो पाळावा याला शास्त्रीय आधार सापडला नाही. वरण, भाजी, ताक, टरबूज, चहा या सगळ्यांतून शरीरात पाणी जातच असते.

पहाटे उठल्याबरोबर तांब्या-दोन तांबे पाणी एका दमात पिण्याचे फॅडही असेच आहे. त्यासाठी आयुर्वेदाचा दाखला दिला जातो. प्रत्यक्षात वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ ग्रीष्म आणि शरद ऋतू सोडता निरोगी माणसालाही पाणी बेतानेच प्यायला सांगते. सकाळी पेलाभर पाणी पिण्यात वावगे काही नाही. पोट फुगेपर्यंत पिऊन ‘शरीर धुऊन निघते’ ही समजूत मात्र निराधार आहे.

मग कोणी किती प्यावे?

निरोगी प्रौढाला तहान हाच चांगला मापदंड आहे. धावपटूंच्या हायपोनेट्रेमियावर 2015 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेनेही तहानेप्रमाणे प्या, असाच सल्ला दिला. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरते आहे. गडद पिवळी असेल तर वाढवावे.

हा नियम सर्वांना लागू नाही. वय वाढले की तहान मंदावते. म्हणून वृद्धांनी तहानेची वाट न पाहता थोडे थोडे, पण दिवसभर पाणी घ्यावे. मुतखडा असलेल्यांना डॉक्टर जास्त पाणी सांगतात, तेही दिवसभरात विभागूनच घ्यायचे असते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांना पाण्याचे माप ठरवून दिलेले असते. उन्हाळा आला म्हणून ते परस्पर वाढवू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांमध्ये सोडियम घसरण्याचा धोका मुळातच जास्त असतो. पण मीठही त्यांनी मनाने वाढवू नये, आधी डॉक्टरांना विचारावे.

उन्हात राबणाऱ्यांसाठी उपाय साधा आहे. शेतावर भाकरीसोबत ठेचा, कांदा आणि ताक नेण्याची रीत या बाबतीत शहाणपणाची होती. पाणी आणि मीठ एकत्रच पोटात जात असे. आता ताकाची जागा जारच्या गार पाण्याने आणि शीतपेयांनी घेतली आहे. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत हे आजही स्वस्त आणि चांगले पर्याय आहेत. जुलाब, उलट्या झाल्या किंवा घाम फार गेला तर ओआरएस घ्यावे. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती माप चालते. बाटलीवरच्या नावाला मात्र भुलू नये. जास्त साखरेची पेये ‘ओआरएस’ नावाखाली विकली जात असल्याने ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाला पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास मनाई करावी लागली.

फलकावरचे वाक्य बदलायला हवे

‘पाणी प्या’ असे सांगितले की यंत्रणेचे काम संपते आणि पुढची सगळी जबाबदारी माणसावर येते. शेतावर किंवा कामावर शौचालय नसते म्हणून कितीतरी मजूर बाया दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात आणि घरी आल्यावर एकदम तांब्याने पाणी पितात. त्यांना आणखी एक फलक दाखवून काय उपयोग? त्यांना आडोसा हवा, सावली हवी, दुपारी सुट्टी हवी आणि कामाच्या जागी पाण्यासोबत ओआरएसची पाकिटे हवीत.

उष्णतेच्या इशाऱ्यासोबत जाणारा संदेशही माणूस पाहून बदलायला हवा. मजुराला ‘थोडे थोडे प्या, सोबत मीठ असू द्या’, बाळंतिणीला ‘तुम्ही प्या, बाळाला फक्त दूध द्या’, वृद्धाला ‘गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा’ असे सांगितले पाहिजे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघरी जातातच. त्यांच्या तोंडी ही तीन वाक्ये देण्यासाठी वेगळा निधी लागत नाही. पुढच्या उन्हाळ्याचे फलक रंगवण्याआधी एवढे झाले तरी पुष्कळ.