मोटार जळते ती नशिबाने नव्हे



भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारे पाणी राजनाल्याने कर्जतच्या काही गावांना मिळते. ज्यांना ते मिळत नाही, त्यांच्या उन्हाळी पिकाला मोटारीचाच आधार. ती ऐन उन्हात जळली, की आठ दिवस पाणी बंद आणि वर बोल ऐकायचा, 'शेतकऱ्याला मोटार चालवता येत नाही.' हा आरोप आम्हाला मान्य नाही.

तीन फेजचा दाब 415 व्होल्टच्या वरखाली 6 टक्क्यांतच हवा, म्हणजे 390 च्या खाली जाता कामा नये. दाब पडला किंवा एक फेज गेला, की मोटार जास्त करंट ओढते आणि वायंडिंग तापते. तापमान मर्यादेपलीकडे दर 10 अंश वाढले, की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते. स्टार्टरमधला रिले करंट ओळखतो, वायंडिंगची उष्णता नव्हे. म्हणून मोठ्या मोटारींच्या वायंडिंगमध्येच प्लॅटिनमचा सेन्सर बसवतात. त्याचा रोध 0 अंशाला 100 ओहम, तर 100 अंशाला 138.5 ओहम.

पण आपल्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. कळंब भागातल्या एका सामाईक पंपावर आम्ही पाहिले, सेन्सरपासून पॅनेलपर्यंत 50 मीटर, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या दोनच तारा. जाऊन-येऊन तारेचाच रोध साडेतीन ओहम. पॅनेल 9 अंश जास्त दाखवी, पंप उगाच बंद पडे. कंटाळून सभासदांनी सेन्सरच तोडला. पुढे मोटार जळाली.

अशा ठिकाणी सारख्या जाडीच्या तीन तारा घ्या आणि पॅनेलही तीन तारांचे घ्या. ते तारेचा रोध वजा करते. सेन्सरची केबल पॉवर केबलच्या पाइपातून नेऊ नका. तिच्यावरची जाळी फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली, तर जाळीतूनच करंट वाहतो आणि आकडा नाचतो. मोटारीच्या बॉडीचे अर्थिंग मात्र वेगळे. ते जिवासाठी आहे. ते कधीच तोडू नका, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओता.

लहान मोटारीला सेन्सर परवडत नसेल, तर फेज गेल्यावर मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर तरी बसवाच.

2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे वीजबिल माफ झाले. पण पडत्या दाबाची फुकट वीज मोटार जाळत असेल, तर ती महागच. म्हणून दाब रोज मोजा, तारीख-वेळेसह वहीत लिहा आणि ती वही जिल्हा बैठकीला आणा. आपली जोडणी चोख असली, म्हणजे नुकसानीचा जाब आपण ताठ मानेने मागू.