सांडपाण्याचा बर्फ आणि डोंगराचा मालक

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या डोंगरांत एक विलक्षण शर्यत सुरू होते. ही शर्यत खेळाडूंची नव्हे. स्कीइंगची केंद्रे चालविणाऱ्या कंपन्यांची असते. अरापाहो बेसिन, कीस्टोन, लव्हलँड यांपैकी कोणते केंद्र हंगामात सर्वांआधी उघडते, यावर वृत्तपत्रांचे मथळे ठरतात आणि जाहिरातींचा धुरळा उडतो. त्या दिवशी डोंगरावर आकाशातून पडलेला बर्फ असा कितीसा असतो? बहुधा तपकिरी उतारावरून यंत्रांनी अंथरलेला एखादाच पांढरा पट्टा खाली उतरत असतो आणि त्या पट्ट्यावर घसरण्यासाठी शेकडो लोक रांगा लावून उभे असतात. वरवर पाहता ही धनिकांच्या देशातील निरुपद्रवी गंमत वाटेल. भारतातील कार्यकर्त्याने तिची दखल कशासाठी घ्यावी, असेही कोणी विचारील. परंतु त्या पांढऱ्या पट्ट्याखाली जमीन कुणाची, पाणी कुणाचे आणि निर्णय कुणाचा, हे तीन जुनेच प्रश्न गाडलेले आहेत. ते उकरून काढणे अगत्याचे आहे.

कृत्रिम बर्फाचे तंत्र फार गूढ नाही. 1950 साली कनेक्टिकट राज्यात, बर्फाअभावी स्कीचा धंदा बसू लागला तेव्हा, स्की बनविणाऱ्या एका छोट्या कंपनीतील तंत्रज्ञांनी दाबलेली हवा आणि पाणी एकत्र फवारून बर्फ तयार करण्याची युक्ती शोधली. हवा पुरेशी थंड आणि कोरडी असली की फवाऱ्यातील तुषार जमिनीवर पडण्यापूर्वीच गोठतात. युक्ती सोपी, पण भूक मोठी. एक हेक्टर उतारावर फूटभर जाडीचा थर अंथरायचा तर सुमारे दहा लाख लिटर पाणी लागते; शिवाय पंप आणि हवा दाबणारी यंत्रे चालविण्यासाठी वीज लागते ती वेगळीच. मग हा खटाटोप कशासाठी? कारण हंगामाचे पास बर्फ पडण्यापूर्वीच, उन्हाळ्यापासून विकले जातात. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण आणि नाताळचा आठवडा यांत वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा गोळा होतो. पैसे आधी घेतले आहेत, आणि निसर्ग तर करारनाम्यावर सही करीत नाही! तेव्हा उद्घाटनाची तारीख निसर्गाने नव्हे, तर ताळेबंदाने ठरवायची आणि ती पाळण्यासाठी लागेल तेवढे पाणी डोंगरावर चढवायचे, हे या धंद्याचे तर्कशास्त्र होय.

या तर्कशास्त्राचे नागडे रूप पाहायचे असेल तर ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ शहराकडे वळले पाहिजे. शहराच्या उत्तरेस सॅन फ्रान्सिस्को पीक्स नावाचा ज्वालामुखीजन्य पर्वत उभा आहे. त्याचे सर्वोच्च शिखर 3,851 मीटर उंच आहे. किमान तेरा आदिवासी राष्ट्रे या पर्वताला पवित्र मानतात. नवाहो लोकांच्या भूमीच्या चार दिशांना चार पर्वत आहेत, त्यांपैकी पश्चिमेचा तो हा. होपी लोकांच्या श्रद्धेनुसार पाऊस आणणारी काचिना दैवते वर्षातील काही महिने येथेच वसतात. रखरखीत प्रदेशात कोरडवाहू मक्यावर जगणाऱ्या समाजाने ज्या डोंगरावर ढग अडतात त्याला देवत्व द्यावे, यात नवल ते काय?

कायद्याच्या कागदावर मात्र हा डोंगर अमेरिकी संघसरकारच्या वनखात्याचा आहे. त्याच खात्याच्या परवान्याने 777 एकरांवर ‘ॲरिझोना स्नोबोल’ हे खाजगी स्कीकेंद्र चालते. येथे स्कीइंगला 1938 साली प्रारंभ झाला. केंद्राच्या विस्ताराविरुद्ध आदिवासी न्यायालयात गेले आणि 1983 साली हरले. पण कंपनीला खरा शत्रू भेटला तो आकाशात. 2004-05 च्या हंगामात भरपूर बर्फ पडला, 139 दिवस केंद्र चालले आणि एक लाख 91 हजारांवर ग्राहक आले. त्याआधी तीनच वर्षे, 2001-02 साली, अवघे चार दिवस केंद्र चालले आणि तीन हजारही ग्राहक फिरकले नाहीत. धंद्यातील ही अनिश्चितता कंपनीला नको होती. 2002 साली तिने फ्लॅगस्टाफ नगरपालिकेशी करार केला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दररोज सुमारे 57 लाख लिटरपर्यंत शुद्धीकरण केलेले सांडपाणी नगरपालिकेने द्यावे, ते सुमारे 24 किलोमीटर लांबीच्या नळातून डोंगरावर चढवावे आणि त्याचा बर्फ करून 205 एकरांवर अंथरावा, अशी ही योजना होती. 2005 साली वनखात्याने तिला संमती दिली.

नवाहो, होपी, हवासुपाई आदी राष्ट्रे न्यायालयात गेली. 2007 साली अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. हा बर्फ पोटात गेल्यास काय होईल याचा नीट विचार वनखात्याने केलेला नाही, असेही त्या निकालात म्हटले होते. ऑगस्ट 2008 मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने आठ विरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरविला आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. डिसेंबर 2012 मध्ये डोंगरावर बर्फाच्या तोफा धडाडल्या. निव्वळ सांडपाण्यापासून आपला सगळा कृत्रिम बर्फ बनविणारे हे जगातील पहिले स्कीकेंद्र ठरले. होपींचा आणखी एक दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली निकालात काढला.

मोठ्या पीठाचा युक्तिवाद मुळातून समजून घेण्याजोगा आहे. डोंगरावरील वनस्पती, झरे वा पूजास्थाने यांना भौतिक इजा होत नाही. दुखावते ती केवळ भक्तांची भावना. आणि एकेका नागरिकाच्या भावनेखातर सरकारला स्वतःच्या जमिनीचा वापर थांबवावा लागला, तर राज्यकारभार चालणार कसा? शिवाय केंद्राने व्यापलेला भाग पर्वताच्या जेमतेम एक टक्का! हा हिशेब ऐकून कोणत्याही वारकऱ्याला हसू येईल. गाभारा हा देवळाच्या आवाराचा कितवा हिस्सा असतो? आणि सरकारची ‘स्वतःची’ जमीन म्हणजे तरी काय? ज्यांच्याकडून ती हिसकावून घेतली, त्यांनाच मालकीचा दाखला मागायचा, ही जगातील सर्व वसाहतवाद्यांची रीत आहे.

येथे पुरोगामी मंडळींतूनच एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर असल्याने त्याचे उत्तर दिले पाहिजे. डोंगरात देव राहतो ही अंधश्रद्धा नव्हे काय? पाण्याचा पुनर्वापर ही तर शास्त्रीय गोष्ट. मग समाजवाद्यांनी विज्ञानाची बाजू सोडून सोवळ्या-ओवळ्याची तरफदारी का करावी? शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पनांनी ज्या देशात माणसाला माणूस म्हणून जगू दिले नाही, त्या देशात तर हा प्रश्न अधिकच टोचतो. त्याचे उत्तरही येथल्याच इतिहासात आहे. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तो तळ्याच्या पाण्यात काही विशेष गुण होता म्हणून नव्हे. सार्वजनिक पाण्यावर कुणाचा अधिकार आणि तो कोण ठरविणार, हा त्या लढ्याचा प्रश्न होता. तेथे शुद्धतेची कल्पना हे बलवंतांचे शस्त्र होते. दुर्बलांना पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी ते वापरले जात होते. ॲरिझोनात दुर्बल कुणालाही पाण्यापासून दूर ठेवीत नाहीत. बलवंतांनी आपले सांडपाणी आमच्या डोंगरावर आणून ओतू नये, एवढेच ते म्हणत आहेत. दोन्हीकडे शब्द पावित्र्याचे आहेत, पण सत्तेची दिशा उलट आहे. ज्याला ही दिशा दिसत नाही, त्याचा विवेकवाद पुस्तकी आहे. काचिनांचे अस्तित्व सिद्ध करणे हे समाजवाद्यांचे काम नाही. एखाद्या समाजाच्या जगण्याच्या केंद्रस्थानी असलेल्या भूमीचा निर्णय त्या समाजाला डावलून होऊ न देणे, हे मात्र निश्चित त्यांचे काम आहे.

आणि विज्ञानाचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. हे पाणी राज्याच्या नियमांनुसार वरच्या प्रतीचे असले तरी पिण्याचे नाही. औषधे व संप्रेरके यांचे सूक्ष्म अंश अशा प्रक्रियेनंतरही उरू शकतात. पाण्याचा पुनर्वापर जरूर व्हावा. पण कोरड्या प्रदेशात त्यावर पहिला हक्क शेताचा, बागेचा आणि आटत्या भूजलाचा असावा, की नाताळपूर्वी उतार पांढरा दिसावा या हव्यासाचा? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. तो राजकीय आहे.

त्याचे राजकीय स्वरूप 2023 च्या एका निकालाने झगझगीत उजेडात आणले. नवाहो राष्ट्रातील जवळपास एक तृतीयांश घरांत आजही नळाचे पाणी नाही. लोक मैलोगणती गाड्या हाकून पिंपे भरून आणतात. 1868 च्या तहान्वये राखीव भूमी देणाऱ्या सरकारने तिच्यासाठी पाण्याची गरज मोजावी व तजवीज करावी, अशी नवाहोंची मागणी होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. म्हणजे खेळासाठी पाणी डोंगरावर चढविण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि तहानेसाठी ते घरात पोहोचविण्यास कायद्याची सक्ती नाही! याच लोकांच्या ब्लॅक मेसा पठाराखालचे निर्मळ भूजल 1970 पासून 2005 पर्यंत कोळशाचा चुरा नळातून सुमारे 440 किलोमीटर दूरच्या वीजकेंद्राकडे वाहून नेण्यासाठी उपसले गेले. याच लोकांच्या भूमीवर पाचशेहून अधिक युरेनियमच्या खाणी वापरून टाकून देण्यात आल्या. कोळसा गेला, युरेनियम गेले, चांगले पाणी गेले. परत आले ते शहराचे सांडपाणी, तेही बर्फाच्या गोंडस रूपात.

स्कीकेंद्रामुळे रोजगार मिळतो, हा कंपन्यांचा अखेरचा बचाव. रोजगार मिळतो हे खरे. पण तो कसला? हंगामापुरता, आणि घरभाडे परवडू नये अशा डोंगरी गावांतला. डिसेंबर 2024 मध्ये युटा राज्यातील पार्क सिटी येथे, व्हेल रिसॉर्ट्स या बलाढ्य कंपनीच्या केंद्रात, स्कीगस्त घालणाऱ्या सुमारे दोनशे कामगारांनी ऐन नाताळच्या आठवड्यात संप पुकारला. मागणी काय, तर प्रारंभीचे वेतन ताशी 21 डॉलरवरून 23 डॉलर करावे. जवळपास दोन आठवडे बहुतेक उतार बंद राहिले, ग्राहकांच्या रांगा लांबल्या आणि अखेर कंपनीला नमावे लागले. बर्फ यंत्र बनविते. पण हिमलोटांपासून जीव वाचविण्याचे आणि जखमींना खाली आणण्याचे काम माणूसच करतो, याचा विसर पडलेल्यांना कामगारांनी तो धडा दिला. डोंगरावरचे आदिवासी आणि डोंगरावरचे कामगार एकाच हिशेबवहीत खर्चाच्या बाजूला मांडले जातात. त्यांची एकजूट घडविणे हेच पुढील काम आहे.

भारतीय वाचकाने हे सारे परदेशातील प्रकरण म्हणून बाजूला सारू नये. उत्तराखंडातील औली येथे 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून कृत्रिम तलाव आणि बर्फाची यंत्रे बसविण्यात आली. फेब्रुवारी 2023 मध्ये तेथील राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावीच रद्द झाल्या. यंत्रे होती, पण हवामान बदलले की यंत्रही हतबल होते. त्याच हिवाळ्यात औलीच्या पायथ्याशी जोशीमठची घरे तडकून खचत होती. उलट ओडिशातील नियमगिरी डोंगराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली निर्णय ग्रामसभांवर सोपविला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. डोंगरिया कोंध आदिवासींचा देव खरा की खोटा, याची चौकशी तेथे कोणी केली नाही. त्यांचा अधिकार मान्य केला, आणि तेवढ्याने काम भागले. ॲरिझोनाच्या न्यायालयांना जे उमगले नाही, ते नियमगिरीच्या पायथ्याशी अंमलात आले.

सॅन फ्रान्सिस्को पीक्सवरही पराभवच लिहिलेला आहे, असे मात्र नव्हे. नव्या कोऱ्या जीन्स घासून जुनाट दिसाव्यात म्हणून लागणारा प्युमिस दगड याच पर्वताच्या कुशीतून खणून काढला जात होता. आदिवासी आणि पर्यावरणवादी यांनी एकत्र येऊन उठविलेल्या आवाजामुळे 2000 साली सरकारला ती खाण मोबदला देऊन बंद करावी लागली. न्यायालयात जे हरले, ते संघटनेने जिंकले जाऊ शकते, याचा हा पुरावा.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सार्वजनिक वनभूमीवरील खाजगी परवान्याचे नूतनीकरण तेथील मूळ समाजाच्या लेखी संमतीशिवाय होऊ नये. पाण्याचा क्रम तहान, शेती, भूजल आणि मग खेळ असाच असावा. कोणत्याही नगरपालिकेच्या कराराने तो उलटता येऊ नये. तापत्या पृथ्वीवर बर्फाच्या धंद्याची जोखीम भागधारकांनी सोसावी, डोंगराने आणि त्याच्या लेकरांनी नव्हे. खेळाला कुणाचा विरोध नाही. आकाशाने बर्फ दिला तर सर्वांनी खुशाल खेळावे. पण आकाशाने नाकारलेला बर्फ दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर पसरून हंगामाची तारीख पाळण्याचा हक्क कोणत्याही कंपनीला कोणी दिलेला नाही. तो तिने घेतला आहे, आणि घेतलेले परत घेता येते.